वाळू, चड्डी आणि कार्यकारिणी

सिडनी शहराच्या मध्यापासून पूर्वेला साधारण सात किलोमीटरवर बाँडाय हे उपनगर आहे. एका बाजूला टेकाडावर चढत गेलेली घरे, दुसऱ्या बाजूला पॅसिफिक महासागर आणि मध्ये एक किलोमीटरभर वाळू, एवढाच त्याचा भूगोल. इतिहास मात्र भरपूर आहे, आणि त्यातला बराचसा छायाचित्रांत सापडतो, कारण फोटो काढून घेण्याचा इतका सोस ऑस्ट्रेलियातल्या दुसऱ्या वस्तीला क्वचितच असेल. न्यू साउथ वेल्सच्या राज्य ग्रंथालयात, बाँडाय जिच्या हद्दीत येते त्या वेव्हर्ली नगरपालिकेच्या ग्रंथालयात आणि घरोघरच्या माळ्यांवरच्या खोक्यांत हे फोटो पडून आहेत. जाहिरातवाल्यांनी त्यांतून एक समज जगभर पसरवला: ऊन, लाटा, मोकळीढाकळी माणसे, कुणाचे कुणाला बंधन म्हणून नाही. फोटो जरा निगुतीने पाहिले तर भलतेच दिसते. बाँडायच्या वाळूवर चार माणसे जमली की पाचवा चिटणीस होतो, सहावा नियमावली लिहायला घेतो आणि सातवा सगळ्यांना उंचीप्रमाणे उभे करून ग्रुप फोटो काढवतो.

फोटोच्या कितीतरी आधीची चित्रेही इथे आहेत. उत्तर बाँडायच्या खडकावर इथल्या मूळ रहिवाशांनी मासे आणि इतर आकृत्या कोरून ठेवल्या आहेत. आता त्यांच्याभोवती गोल्फचे मैदान पसरले आहे. १९६०च्या दशकात नगरपालिकेला या रेघा पुसट वाटल्या, तेव्हा तिने त्या नव्याने खोल करून घेतल्या. हेतू चांगलाच असणार. असल्या कामांत तो नेहमीच चांगला असतो.

१८८२ पर्यंत किनारा खासगी मालकीचा होता. मालक लोकांना सहलीला येऊ देई, पण दंगा फार झाला की वाट बंद करण्याची धमकीही देई. १८८२ साली सरकारने किनारा सार्वजनिक केला, १८९४ मध्ये वाफेची ट्राम समुद्रापर्यंत आली, आणि रविवारी माणसे हक्काने वाळूवर उतरू लागली. पाण्यात शिरायची मात्र चोरी होती. सकाळी सहा ते रात्री आठ या वेळेत लोकांच्या नजरेसमोर समुद्रस्नान करणे कायद्याने गुन्हा होता. त्यामुळे त्या काळच्या फोटोंत किनाऱ्यावर गर्दी आहे आणि समुद्र रिकामा आहे. पुरुष कोट, जाकीट, कडक कॉलर आणि हॅट अशा थाटात, पायांत बूट. बायका घोट्यापर्यंतच्या झग्यात, हातात छत्री. एखाद्या पोराने विजार गुडघ्यापर्यंत दुमडली असेल तर तेवढीच त्या फोटोतली क्रांती. मोठी माणसे समुद्राकडे अशा नजरेने पाहतात की जणू त्याने आधी चिठ्ठी पाठवून भेटीची वेळ मागायला हवी होती.

१९०० साली कोडॅकचा ब्राउनी कॅमेरा आला आणि फोटो काढणे हे शिकलेल्या माणसाचेच काम उरले नाही. तेव्हापासूनचे घरगुती फोटो लगेच ओळखू येतात. सूर्य पाठीशी ठेवायचा, हा एकच नियम सर्वांनी पाळलेला असल्यामुळे प्रत्येक फोटोत पुढच्या वाळूवर फोटो काढणाऱ्याची सावली पसरलेली असते. घरातल्या ज्या काकांचा एकही फोटो नाही असे सगळे म्हणतात, ते काका या सावल्यांत असतात. आत्याबाईंचे डोके मात्र चौकटीबाहेर गेलेले असते.

दिवसाउजेडी पोहण्याची बंदी मोडली ती बंदरापलीकडच्या मॅन्लीत. १९०२ मध्ये विल्यम गोचर नावाच्या तिथल्या एका वृत्तपत्राच्या संपादकाने आपल्याच पत्रात आगाऊ जाहीर करून भरदुपारी समुद्रात उडी घेतली. पहिल्या दोन वेळा पोलिसांनी तिकडे लक्षच दिले नाही. संपादकाला याहून मोठा अपमान नसतो. तिसऱ्या वेळी त्यांनी त्याला नेले, पण खटला काही भरला नाही. पुढच्या वर्षी मॅन्लीच्या नगरपालिकेने बंदी उठवली, इतर किनाऱ्यांवरही ती ढिली पडत गेली आणि हजारो माणसे पाण्यात शिरली. शिरल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपल्याला पोहता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या बंदी असताना ते येणार तरी कुठून?

माणसे बुडू लागली तेव्हा बाँडायकरांनी त्यांना येणारे एकमेव काम केले: संस्था काढली. १९०७ च्या फेब्रुवारीत ‘बाँडाय सर्फ बेदर्स लाइफ सेव्हिंग क्लब’ स्थापन झाला. जगातला हा पहिला जीवरक्षक क्लब, असे बाँडायवाले सांगतात. टेकाडापलीकडचे ब्राँटीवाले म्हणतात, आमचा १९०३ चा. वाद शतकभर चालला आहे आणि दोन्हीकडे त्यावर श्रद्धा असल्यामुळे तो मिटण्याची काळजी नाही.

क्लबाने एक खरोखर कामाची वस्तू दिली, ती म्हणजे दोराचे रीळ. लाकडी चौकटीवर मोठे रीळ, त्याला गुंडाळलेला लांब दोर, दोराच्या टोकाला पट्टा. पट्टा कमरेला बांधून एकाने पोहत बुडणाऱ्यापर्यंत जायचे, बाकीच्यांनी दोर सोडत राहायचे आणि मग दोघांना ओढून घ्यायचे. लिस्टर ऑर्म्सबी या बाँडायच्या गृहस्थाने पहिला नमुना सुताचे रीळ आणि केसांच्या पिना घेऊन केला, असे क्लबाच्या इतिहासात सांगतात. हा शोधही ब्राँटीवाल्यांना मान्य नाही. १९०७ च्याच जानेवारीत बाँडायच्या लाटांतून एका नऊ वर्षांच्या पोराला ओढून काढले होते. चार्ल्स किंग्सफर्ड स्मिथ हे त्याचे नाव. १९२८ मध्ये त्याने विमानाने पॅसिफिक ओलांडला; पाण्यातून पार होण्याचा नाद त्याने बहुधा त्या दिवशीच सोडला असावा.

१९०७ च्याच ऑक्टोबरात पोशाखाचा प्रश्न आला. वेव्हर्लीचे महापौर आर. जी. वॉटकिन्स यांच्या मते ओल्या कपड्यांतली माणसे सभ्य दिसत नव्हती, म्हणून त्यांनी नवा वेष सुचवला. कोपरापासून गुडघ्यापर्यंत अंग झाकणारी बंडी-विजार आणि तिच्यावर कमरेखाली घोळ, म्हणजे सरळ सांगायचे तर परकर. तोही बायकांसाठीच नव्हे, पुरुषांसाठीसुद्धा. स्त्री-पुरुष समानतेच्या दृष्टीने ही सूचना काळाच्या बरीच पुढे होती, पण पुरुषांना ती रुचली नाही. २० ऑक्टोबरच्या रविवारी बाँडाय, मॅन्ली आणि कूजी या तिन्ही किनाऱ्यांवर पुरुषांचे थवे परकर नेसून आले. कुणी बहिणीचा झगा चढवला होता, कुणी खिडकीचा पडदा काढून आणला होता, कुणी टेबलावरची चादर. बघ्यांची हजारोंनी गर्दी लोटली. नगरपालिकेला परकर हवा होता, तो तिला इतका मिळाला की तिने पुन्हा कधी मागितला नाही. नुसत्या आंदोलनावर भागवायचे, तर तसेही नाही. त्याच महिन्यात सगळ्या किनाऱ्यांवरच्या क्लबांची मध्यवर्ती संघटना स्थापन झाली.

यापुढची तीस वर्षे क्लबांचे ग्रुप फोटो हाच बाँडायच्या छायाचित्रणाचा कणा आहे. त्यांची मांडणी ठरलेली असते. पुढे मध्यभागी रीळ, त्याच्या मागे खुर्च्यांची रांग, तिच्या मागे उभ्यांची, शेवटी बाकावर चढलेल्यांची. जवानांनी हाताची घडी घातलेली असते आणि मुठी दंडांखाली अशा दाबलेल्या असतात की आहे ते स्नायू दीडपट दिसावेत. खुर्च्यांवर मधोमध अध्यक्ष, सुटाबुटात, मांडीवर हॅट. ओल्या पोशाखातल्या चाळीस जणांत हा एकच गृहस्थ कोरडा असतो आणि त्यालाच सर्वांत जास्त घाम आलेला दिसतो. फोटोखालच्या ओळीत नावे ‘डावीकडून उजवीकडे’ दिलेली असतात; अध्यक्ष, खजिनदार आणि चिटणीस यांची पूर्ण, बाकीच्यांची आद्याक्षरांनी. चिटणिसाच्या नावात चूक कधी सापडत नाही, कारण ओळ त्यानेच लिहिलेली असते.

याहून बहारीचे फोटो संचलनाचे. क्लबांच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा कोण किती लवकर बुडणाऱ्याला काढतो एवढ्यावर कुणाचे समाधान होईना. वाळूवरून कवायत सुरू झाली. पुढे झेंडेवाला, मागे रीळ उचललेले गडी, डावा-उजवा पाय एका तालात, मान ताठ, चेहऱ्यावर देशाच्या सीमेवर निघाल्याचा भाव आणि अंगात पोहण्याचा आखूड पोशाख. बॅण्ड वाजतो आहे आणि पाठीमागे समुद्र आपल्या मर्जीप्रमाणे वाटेल तसा आपटतो आहे. त्या एका चौकटीत शिस्त न पाळणारा तेवढाच.

शेजारच्या तामारामा किनाऱ्यावर १९०६ ते १९११ या काळात ‘वंडरलँड सिटी’ नावाचे करमणुकीचे शहर उभे होते. तिथे हत्ती होता, चिमुकली आगगाडी होती आणि एका कड्यावरून दुसऱ्या कड्याकडे तारेवर लोंबकळत जाणारे विमानवजा वाहनही होते. मालकाने किनाऱ्याला कुंपण घातले आणि पोहणाऱ्यांची वाट अडवली. पोहणारे एव्हाना संघटित झालेले असल्यामुळे प्रकरण सरकारपर्यंत गेले आणि सरकारने समुद्रालगत चालायची पट्टी ताब्यात घेतली. शहर पाच वर्षांत बुडाले. हत्तीच्या बाजूने कुणी संघटना काढली नव्हती.

१९१२ च्या जुलैतल्या वादळाने बेन बकलर या उत्तरेच्या टोकाशी एक प्रचंड खडक आणून टाकला. त्याचे वजन २३५ टन भरते, असे तिथल्या पाटीवर लिहिले आहे. बाँडायला प्रत्येक गोष्टीची पाटी लागते, तशी तीही लागली. हा खडक पुढे पुन्हा येणार आहे.

१९२० च्या दशकात टेकाडावर फ्लॅट उठले, विजेच्या ट्राममधून माणसे लटकत येऊ लागली आणि नगरपालिकेने किनारा सुधारायला घेतला. १९२९ च्या डिसेंबरात पॅव्हिलियनचे थाटाने उद्घाटन झाले. त्यात नाचाचे दालन होते, तुर्की हमाम होता, आणि एका वेळी १२,००० माणसांना कपडे बदलता येतील अशी सोय होती. कपडे काढायला इतकी ऐसपैस जागा बांधणारी हीच नगरपालिका कपडे किती काढावेत याबद्दल पुढची तीस वर्षे डोळ्यांत तेल घालून बसली. त्या काळच्या विमानातून घेतलेल्या फोटोंत हे सगळे फार देखणे दिसते: कमानी, हिरवळ, अर्धचंद्राकार वाळू. दिसत नाही ते एवढेच, की १८८९ पासून सिडनीच्या मोठ्या भागाचा मैला उत्तर टोकाच्या कड्याखालून थेट समुद्रात जात होता. वारा फिरला की काय होत असेल याची कल्पना करावी. मैला दूर खोल समुद्रात सोडायची सोय १९९१ मध्ये झाली. फोटोग्राफीच्या कलेने बाँडायवर केलेले उपकार मोजायचे तर वास न येणे हा त्यांतला पहिला.

उन्हाळ्यातल्या क्लबांनी भागेना तेव्हा १९२९ मध्ये हिवाळ्यासाठी एक निघाला: ‘बाँडाय आइसबर्ग्ज’. सभासदत्वाची अट अशी की हिवाळ्यातल्या दर चार रविवारांपैकी तीन रविवार पोहायचे, आणि असे पाच वर्षे. मोसमाच्या पहिल्या दिवशी तलावात बर्फाच्या लाद्या टाकण्याची प्रथा पडली, आणि लादी छातीशी कवटाळून दात दाखवणारे पोटसुटे गृहस्थ हा वर्तमानपत्रांचा ठेवणीतला फोटो झाला. खरे तर सिडनीचा समुद्र हिवाळ्यातही सतराअठरा अंशांच्या खाली फारसा जात नाही. म्हणूनच बर्फ विकत आणावा लागे. बायकांना या क्लबात प्रवेश मिळायला १९९५ साल उजाडले.

१९३५ मध्ये पोशाखाचा प्रश्न राज्य सरकारने हाती घेतला. एरिक स्पूनर हे तेव्हा स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री. त्यांच्या नियमाप्रमाणे पोहण्याच्या पोशाखाचा पाय किमान तीन इंच लांब असायला हवा होता आणि छाती काखेच्या रेषेपासून झाकलेली, पुरुषांचीसुद्धा. मंत्र्यांनी इंच मोजले, लोकांनी चालू दिले. १९३० च्या दशकाच्या अखेरच्या फोटोंत उघड्या छातीचे इतके पुरुष दिसतात की सगळे अल्बम पुरावा म्हणून कोर्टात दाखल करता आले असते.

या काळाचे सर्वांत जिवंत फोटो जॉर्ज कॅडी या हौशी माणसाचे आहेत. कॅडी हा जिटरबग नाचातला ऑस्ट्रेलियाचा विजेता. १९३६ ते १९४१ या काळात त्याने बाँडायवरच्या कसरतपटूंचे फोटो काढले. हे तरुण-तरुणी वाळूवर एकमेकांच्या खांद्यावर चढत, हातावर उलटे तोलत, चार-पाच जणांचे मनोरे रचत. दहीहंडीचे थर पाहिलेल्या माणसाला यात अवघड काही वाटणार नाही, पण वर हंडी नाही, लोणी नाही, बक्षीस नाही. चढायचे, फोटोपुरते थांबायचे आणि उतरायचे. एका तरुणीला एका हातावर तोलून धरलेला गडी कॅमेऱ्याकडे हसून पाहतो तेव्हा त्याच्या मानेच्या शिरा त्या हसण्याला दुजोरा देत नाहीत. अर्थात या मंडळींनीही क्लब काढला होता. कॅडी १९८३ मध्ये वारला. निगेटिव्ह बुटांच्या खोक्यात पडून राहिल्या आणि मुलाने ते खोके उघडल्यावर २००८ मध्ये राज्य ग्रंथालयात त्यांचे प्रदर्शन झाले.

कॅडी मनोरे टिपत होता तेव्हा मॅक्स डुपेन हा व्यावसायिक छायाचित्रकारही तिथे हिंडत होता. त्याच्या १९३९ च्या एका प्रसिद्ध फोटोत एक जोडपे पाठमोरे उभे आहे. तो समुद्राकडे पाहत भारदस्तपणे उभा. ती मागे हात नेऊन वर सरकलेला पोशाख खाली ओढते आहे. स्पूनरसाहेबांच्या तीन इंचांवर याहून नेमके भाष्य कुणी केलेले नाही. डुपेनचा सर्वांत गाजलेला फोटो ‘सनबेकर’ हा: वाळूवर पालथा पडलेला, डोक्याखाली हात घेतलेला ओलेता पुरुष. ऑस्ट्रेलियन माणसाचे हे प्रतीक बाँडायचेच, असे कित्येकांना वाटते. तो फोटो सिडनीपासून बराच दूर, दक्षिणेकडच्या कलबर्रा किनाऱ्यावर १९३७ मध्ये काढलेला आहे आणि वाळूत पडलेला गृहस्थ इंग्लंडहून आलेला बांधकामवाला होता.

हसून झाल्यावर एका दिवसाबद्दल नीट सांगितले पाहिजे. ६ फेब्रुवारी १९३८ च्या रविवारी दुपारी लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि परतताना त्यांनी शेकडो माणसांना आत ओढून नेले. क्लबाची साप्ताहिक शर्यत सुरू व्हायची होती म्हणून सत्तरच्या आसपास जीवरक्षक तिथे हजर होते. वीसेक मिनिटांत सुमारे अडीचशे जणांना त्यांनी बाहेर काढले; पाच जण गेले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्री फोटोंत वाळूवर आडवी माणसे आहेत, त्यांच्यावर वाकलेले गडी आहेत आणि तीच रिळे आहेत. ताल धरून चालायची ती सगळी कवायत त्या वेळी उपयोगी पडली.

युद्धात किनाऱ्यावर काटेरी तारा आल्या. १९४२ च्या जूनमध्ये एका जपानी पाणबुडीने सिडनीच्या पूर्वेच्या उपनगरांवर तोफगोळे टाकले, त्यामुळे तारा शोभेच्या नव्हत्या. तरीही तारांमध्ये फट ठेवलेली होती आणि टॉवेल सांभाळत तिच्यातून पाण्याकडे निघालेली माणसे फोटोंत दिसतात.

शांतता आली ती बिकिनी घेऊन. बाँडायचे किनारा निरीक्षक ऑब्री लेडलॉ यांच्यापाशी अजून १९३५ चाच नियम होता आणि तो त्यांनी अक्षरशः मोजून पाळला. १९५१ मध्ये जीन पार्कर या अमेरिकन नटीला त्यांनी आखूड पोशाखापायी किनाऱ्याबाहेर काढले. असे फोटो छापून आले की पुढच्या रविवारी किनाऱ्यावर गर्दी वाढे, आणि लेडलॉंना काम. १९५४ मध्ये राणी एलिझाबेथ जीवरक्षकांचे संचलन पाहायला आल्या. स्पूनरसाहेबांच्या नियमावलीत पूर्णपणे बसणारी त्या दिवशी किनाऱ्यावर बहुधा एकच व्यक्ती होती. १९६१ मध्ये इंच रद्द झाले आणि पोशाख ‘योग्य आणि पुरेसा’ असावा एवढेच उरले. पुरेसा कशाला, हे नियमाने सांगितले नाही.

युद्धानंतरच्या याच वर्षांत किनाऱ्यामागचे रस्तेही बदलले. मध्य युरोपातून वाचून आलेली ज्यू कुटुंबे टेकाडावरच्या फ्लॅटमध्ये राहू लागली, किनाऱ्यालगतच्या कॅम्बेल परेड या रस्त्यावर मलईच्या केकची दुकाने लागली, आणि रविवारच्या फोटोंत कोट घातलेले वयस्क गृहस्थ बाकांवर पुन्हा दिसू लागले. ट्रामने २८ फेब्रुवारी १९६० ला शेवटची फेरी केली. तिचे फोटो काढायला एवढी माणसे आली, तेवढी रोज तिकीट काढून बसली असती तर ती बंद पडली नसती.

त्याच १९६० मध्ये लायल रँडॉल्फ या शिल्पकाराने बेन बकलरच्या त्या २३५ टनी खडकावर फायबरग्लासच्या दोन सोनेरी जलपऱ्या बसवल्या, स्वतःच्या खर्चाने आणि नगरपालिकेच्या परवानगीशिवाय. बाँडायच्या इतिहासात कुठल्याही समितीच्या ठरावावाचून आलेल्या या दोघीच. साहजिकच वाद पेटला. ज्या दोन तरुणींवरून त्या घडवल्या होत्या, त्या वेव्हर्लीच्या हद्दीत राहणाऱ्या नाहीत, हीही तक्रार झाली. महिन्याभरातच विद्यापीठाच्या पोरांनी एक जलपरी पळवली. ती सापडल्यावर परत बसवली गेली. १९७४ च्या वादळात एक वाहून गेली. दुसरी मोडक्या अवस्थेत दोन वर्षे तग धरून होती. १९७६ मध्ये नगरपालिकेने तिला उतरवून घेतले आणि उरलेले तुकडे वेव्हर्लीच्या ग्रंथालयात ठेवले. ते तिथे पाहायला मिळतात, ग्रंथालयाच्या ठरलेल्या वेळेत.